लॅपटॉप चालूच होत नाही : वीज कुठे अडते ते शोधा

दुरुस्तीला येणाऱ्या लॅपटॉपसोबत बहुतेक वेळा निदानही येतं : ‘बोर्ड गेलाय वाटतं.’ बोर्ड म्हणजे मदरबोर्ड, आतली मुख्य सर्किटची पाटी. कधीकधी खरंच गेलेला असतो. पण त्याआधी तपासण्यासारखं बरंच असतं आणि त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींना स्क्रू ड्रायव्हरही लागत नाही. म्हणून तपासणी न करता थेट बोर्डावर बोट ठेवणं मला पटत नाही. मी स्वतः ज्या क्रमाने तपासतो तोच इथे दिला आहे. फुकट आणि सोपं आधी, खोलायचं काम शेवटी.

आधी लक्षणं

पॉवर बटन दाबा आणि काही सेकंद फक्त पाहा आणि ऐका. पुन्हापुन्हा बटन दाबत राहू नका, त्याने लक्षणं एकमेकांत मिसळतात. तुमचा लॅपटॉप खालीलपैकी कुठे बसतो ते ठरवा :

१. काहीच होत नाही. दिवा नाही, आवाज नाही, चार्जर लावला तरी चार्जिंगचा दिवाही लागत नाही. दुरुस्तीवाले याला ‘नो पॉवर’ म्हणतात.

२. चार्जिंगचा दिवा लागतो, पण बटन दाबल्यावर हालचाल नाही.

३. दिवे लागतात, पंखा फिरतो, कीबोर्डही उजळतो, पण स्क्रीन काळीच. हा ‘नो डिस्प्ले’.

४. चालू होतो आणि काही सेकंदांत किंवा मिनिटांत बंद पडतो, किंवा आपोआप चालू-बंद होत राहतो.

कंपनीचा लोगो दिसून लॅपटॉप पुढे अडकत असेल, तर तो चालू होतोय. बिघाड बहुधा विंडोजमध्ये किंवा एसएसडीत (फाइली साठवणाऱ्या ड्राइव्हमध्ये) आहे आणि त्याचा उपाय वेगळा.

पंख्याच्या आवाजाबद्दल एक खबरदारी. काही लॅपटॉपमध्ये पंखाच नसतो. एम१ चिपपासूनचे मॅकबुक एअर तसेच आहेत. तिथे शांतता हे लक्षण धरू नका.

पाणी, फुगलेली बॅटरी, जळका वास : यापैकी काही असेल तर पुढे वाचूही नका

लॅपटॉपवर पाणी, चहा, काहीही सांडलं असेल तर चार्जर लगेच काढा, पॉवर बटन दाबून धरून मशीन बंद करा, बॅटरी बाहेरून निघत असेल तर काढा आणि थेट दुरुस्तीला न्या. ‘वाळला की चालू करून बघू’ या विचाराने जितके बोर्ड वाया जातात तितके सांडलेल्या पाण्यानेही जात नाहीत, असं माझं मत झालं आहे. ओल्या बोर्डावर वीज असली की तांब्याच्या बारीक रेषा गंजत जातात, आणि बॅटरी जोडलेली असेपर्यंत लॅपटॉप ‘बंद’ असला तरी बोर्डावर वीज असतेच. तांदळात ठेवण्याचाही उपयोग नाही. तांदूळ आतल्या चिपखालचं पाणी ओढू शकत नाही आणि साखर-दुधाचा थर तर जागच्या जागी राहतो.

बॅटरी फुगली असेल तरीही थांबा. टचपॅड वर उचलला गेलाय, त्याचा क्लिक होत नाही, झाकण नीट मिटत नाही, सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगतो, ही तिची खूण. अशा बॅटरीला चार्जर लावायचा नाही, दाबायचं नाही, टोचायचं तर अजिबात नाही. आतला लिथियम-आयन सेल पेट घेऊ शकतो.

तिसरी गोष्ट म्हणजे जळका वास किंवा धूर. एकदाही आला असेल तर वीज तोडा आणि पुन्हा लावून बघू नका.

भिंतीपासून सुरुवात

आता तपासणी. चार्जर एक्स्टेन्शन बोर्डातून काढून थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा आणि त्या सॉकेटमध्ये दुसरं काही चालतंय का ते पाहा. क्षुल्लक वाटेल, पण एक्स्टेन्शनमधले सैल झालेले पत्रे हे अगदी नेहमीचं कारण आहे.

मग सॉकेटपासून अ‍ॅडॉप्टरच्या ठोकळ्यापर्यंत येणारी जाड वायर पाहा. ही वेगळी निघते आणि ठोकळ्याच्या तोंडाशी ती अर्धवट निघालेली असणं फार सामान्य आहे. काढा, घट्ट बसवा. तशाच टोकाची दुसरी वायर घरात असेल तर बदलून पाहा.

ठोकळ्यावर दिवा असेल तर त्याच्याकडून एक मोलाची माहिती मिळते. चार्जरची पिन लॅपटॉपमधून काढून फक्त भिंतीला लावा. दिवा लागला? आता पिन लॅपटॉपमध्ये घाला आणि दिव्याकडे बघत राहा.

पिन घालताच दिवा विझला आणि पिन काढून थोड्या वेळाने परत लागला, तर लॅपटॉपच्या आत कुठेतरी शॉर्ट असण्याची दाट शक्यता आहे. चार्जर स्वतःला वाचवण्यासाठी पुरवठा तोडतोय. हाच प्रकार दुसऱ्या योग्य चार्जरने झाला तर शंका उरत नाही : चार्जिंगची पिन जिथे बसते तो जॅक किंवा बोर्ड, दोहोंपैकी एक. खालचे घरगुती उपाय इथे चालणार नाहीत, थेट ‘थांबायचं कुठे’ या भागाकडे जा.

दिवा मुळात लागलाच नाही तर आधी वायर, मग चार्जर.

दिवा छान लागतोय आणि लागलेला राहतोय, तरी चार्जर निर्दोष ठरत नाही. मल्टिमीटरवर १९ व्होल्ट दाखवणारा चार्जर लॅपटॉपने प्रत्यक्ष वीज ओढायला लागल्यावर ढेपाळू शकतो. म्हणून खात्रीचा उपाय एकच, दुसरा चालणारा चार्जर लावून पाहणं. उसना आणताना ठोकळ्यावरचं लेबल वाचा. व्होल्ट तेवढेच हवेत (बहुतेक लॅपटॉपना १९, १९.५ किंवा २० लागतात), वॅट तेवढे किंवा जास्त चालतात, कमी नकोत. गोल पिन असेल तर तिचा आकार आणि अधिक-उणे यांचं चिन्हही जुळायला हवं. पिन आत जाते म्हणजे चार्जर चालतो असं नाही.

डेल आणि एचपीच्या बऱ्याच गोल पिनांमध्ये मधोमध एक बारीक सुई असते. लॅपटॉपला चार्जर किती वॅटचा आहे हे तिच्यातून कळतं. ती वाकली की पुष्कळ मॉडेलं चार्जरवर चालतात पण बॅटरी भरून घेत नाहीत. मग चार्जर काढून बाहेर नेलेला लॅपटॉप अचानक ‘डेड’ वाटतो. बिघाड पिनेत, आणि बिल मात्र बॅटरीच्या नावावर फाटतं.

टाइप-सी चार्जरचं थोडं वेगळं आहे. हा चार्जर आधी फक्त ५ व्होल्ट देतो. मग लॅपटॉप आणि चार्जर आपसांत ठरवतात आणि ९, १५ किंवा २० व्होल्टवर जातात. फोनचा चार्जर बहुधा २० व्होल्टपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे पूर्ण उतरलेला लॅपटॉप त्याने उठत नाही. केबलही तपासा. साधी केबल ३ अँपिअरची म्हणजे ६० वॅटपर्यंतची असते, त्याहून जास्त वॅटच्या लॅपटॉपला ५ अँपिअरची लागते. शिवाय लॅपटॉपवरचं प्रत्येक टाइप-सी पोर्ट चार्जिंग घेतंच असं नाही, म्हणून दुसऱ्या पोर्टात लावून पाहा आणि पोर्टात कचरा साचलाय का तेही टॉर्चच्या उजेडात बघून घ्या.

अर्धा तास हात लावू नका

महिनोन्महिने कपाटात पडलेला लॅपटॉप चार्जर लावल्याबरोबर चालू होईलच असं नाही. लिथियम-आयन बॅटरी फार खाली गेली की तिला एकदम पूर्ण करंट देणं धोक्याचं असतं, म्हणून चार्जिंगचं सर्किट सुरुवातीला अगदी थोडा करंट सोडतं. योग्य चार्जर लावा आणि अर्धा तास बटनाला हात न लावता ठेवून द्या. मगच बटन दाबा.

सगळं जोडलेलं काढा, मग हार्ड रीसेट

माऊस, पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, डॉक, मॉनिटर, प्रिंटर, सगळं काढा. एखाद्या यूएसबी वस्तूतला शॉर्ट संपूर्ण मशीन अडवू शकतो. पोर्टाच्या आत टॉर्च मारा, वाकलेली पिन दिसते.

त्यानंतर या सगळ्या यादीतला माझा सर्वांत आवडता उपाय. चार्जर काढा. बॅटरी बाहेरून निघत असेल तर काढा. पॉवर बटन पूर्ण ३० सेकंद दाबून धरा. सोडा. फक्त चार्जर लावा आणि बटन एकदा दाबा.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. लॅपटॉपवर मुख्य प्रोसेसरखेरीज एक छोटा कंट्रोलर असतो. पॉवर बटन, बॅटरी, चार्जिंग, पंखा, झाकण या सगळ्यांवर त्याची नजर असते, आणि तुम्ही लॅपटॉप बंद केला तरी तो जागाच असतो. विजेचा झटका, अर्धवट झोपेत गेलेली विंडोज किंवा अर्धवट लागलेला चार्जर यांनी तो चुकीच्या अवस्थेत अडकला की बटनाचा निरोप पुढे जातच नाही. वीज तोडून बटन दाबून धरलं की बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये उरलेली वीज संपते आणि हा कंट्रोलर शून्यापासून सुरू होतो. दुसऱ्या प्रकारचं लक्षण, म्हणजे चार्जिंगचा दिवा आहे पण बटनाला उत्तर नाही, यातून अनेकदा सुटतं.

बॅटरी आतच असेल तरी बटन ३० सेकंद धरून पाहाच, बऱ्याच मॉडेलमध्ये तेवढ्यानेही हा रीसेट होतो. काही थिंकपॅड आणि एसरच्या लॅपटॉपच्या तळाला रीसेटचं बारीक छिद्र असतं. चार्जर काढून त्यात कागदाची क्लिप सरळ करून हलकेच दाबायची. ते छिद्र माइकचं तर नाही ना, हे मॉडेलच्या पुस्तिकेत आधी पाहून घ्या. अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपचा मॅकबुक असेल तर पॉवर बटन १० सेकंद धरा, सोडा, थोडं थांबून परत दाबा.

स्क्रीन काळी, पण आत जीव आहे

तिसऱ्या प्रकारात पहिला प्रश्न असा : मशीन चालू आहे आणि फक्त दिसत नाही, की मशीनच अर्ध्यावर अडकलंय? कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा दर वेळी लागत-विझत असेल तर कीबोर्डाला उत्तर मिळतंय, म्हणजे मशीन बरंच पुढे गेलं आहे. दिवा ढिम्म असेल तर ते आधीच कुठेतरी थांबलं असण्याची शक्यता जास्त.

उत्तर मिळत असेल तर ब्राइटनेस वाढवा. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा, याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. खोलीत अंधार करून स्क्रीनवर तिरका टॉर्च मारा. पुसट अक्षरं दिसली तर चित्र येतंय, मागचा प्रकाश गेलाय. एचडीएमआयने टीव्ही किंवा मॉनिटर जोडा, विंडोज आणि पी दाबून दुसरी स्क्रीन निवडा. तिथे चित्र आलं तर बोर्ड चांगला आहे, बिघाड पॅनेलमध्ये किंवा बिजागरीतून जाणाऱ्या डिस्प्लेच्या केबलमध्ये. झाकण कमीजास्त उघडल्यावर चित्र येत-जात असेल तर केबलच.

इथे एक कारण हमखास नजरेतून सुटतं. झाकण मिटलंय हे लॅपटॉपला चुंबकाने कळतं. झाकणात चुंबक, खाली सेन्सर. तुमचा लॅपटॉप दुसऱ्या लॅपटॉपवर ठेवलेला असेल, किंवा चुंबकाचं कव्हर असलेला फोन, चुंबकी पट्ट्याचं घड्याळ त्या जागेजवळ असेल, तर उघडं झाकणही मिटलेलं समजलं जातं आणि स्क्रीन काळी राहते. लॅपटॉप उचलून मोकळ्या लाकडी टेबलावर ठेवा आणि परत बघा.

दिवे लुकलुकतायत, किंवा बीप ऐकू येतात? मग मोजा आणि व्हिडिओ काढून ठेवा. मशीन स्वतः काय सापडत नाही ते सांगतंय. उदाहरणार्थ, डेलच्या अनेक मॉडेलमध्ये दिवा पिवळा दोनदा आणि पांढरा तीनदा लागला की रॅम (तात्पुरत्या मेमरीची पट्टी) सापडलेली नसते. एचपीमध्ये बऱ्याचदा कॅप्स लॉकचा दिवा हे काम करतो. संकेत मॉडेलप्रमाणे बदलतात, म्हणून तुमच्याच मॉडेलची पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावरून काढा.

बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट होताना वीज गेली आणि तेव्हापासून लॅपटॉप काळा आहे, असं असेल तर : एचपीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये विंडोज आणि बी धरून पॉवर बटन दोन-तीन सेकंद दाबायचं, डेलमध्ये कंट्रोल आणि एस्केप धरून चार्जर लावायचा. रिकव्हरी सुरू झाली तर मध्ये काहीही दाबू नका.

चौथ्या प्रकाराबद्दल

काही मिनिटांनी बंद पडत असेल तर उष्णता. पंख्याच्या जाळीत कापसासारखी धूळ गच्च बसते, प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला मशीन बंद करतो. हवा बाहेर येते तिथे हात धरा. काही सेकंदांतच बंद पडत असेल तर धुळीपेक्षा रॅम, बॅटरी किंवा बोर्डाच्या वीजपुरवठ्यावर संशय घ्या. बॅटरी काढता येत असेल तर फक्त चार्जरवर चालवून पाहा.

खोलायचं असेल तर

वॉरंटी चालू असेल तर खोलू नका. इथपर्यंतच्या नोंदी घेऊन सर्व्हिस सेंटरला जा.

वॉरंटी संपली असेल आणि हात स्थिर असेल तर मागचं झाकण काढून पुढच्या गोष्टी घरी करता येतात. स्क्रू कागदावर त्यांच्या जागेप्रमाणे मांडून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला की तो थेट बोर्डात किंवा टचपॅडमध्ये शिरतो. झाकणाच्या खाचा प्लास्टिकच्या जुन्या कार्डाने सोडवा, लोखंडी पात्याने नाही.

झाकण निघालं की सर्वांत पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं. याला अपवाद नाही. बॅटरी जोडलेली असताना स्क्रू ड्रायव्हर एकदा निसटला तर चांगला बोर्ड तुमच्या डोळ्यांदेखत जाऊ शकतो. कनेक्टर काढला की बटन ३० सेकंद धरून हार्ड रीसेट परत करा, आता तो खऱ्या अर्थाने पूर्ण होतो. मग बॅटरी न जोडता चार्जर लावून चालू करून पाहा. चालू झाला तर बॅटरीच अडवत होती. काही मॉडेलं मात्र बॅटरीशिवाय चालूच होत नाहीत, तेव्हा ‘चालला नाही’ म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका.

नो डिस्प्लेसाठी रॅम. दोन पट्ट्या असतील तर दोन्ही काढा, एकच लावून पाहा, मग दुसरी, मग दुसऱ्या खाचेत. सोनेरी कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळवा. संपर्कावर बसलेला बारीक थर एवढ्याने जातो आणि काळी स्क्रीन उजळते, हे मी पुन्हापुन्हा पाहिलं आहे. डीडीआर५ रॅम असेल तर काढघाल केल्यावर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते, बोर्ड रॅमची वेळ जुळवून घेत असतो. तेवढा धीर धरा, घाईने बंद करू नका. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते. तिथे ही पायरी नाही.

घड्याळाची ३ व्होल्टची गोल बॅटरी, बहुधा सीआर२०३२, काही मिनिटं काढून परत लावली की बायोसच्या सेटिंग मूळपदावर येतात. पॉवर बटनाची चपटी रिबन केबल निघालीय का ते बघा. चार्जिंगचा जॅक हलतोय का, त्याभोवती प्लास्टिक वितळलंय का तेही बघा. बोर्डावर पांढरा-हिरवा थर किंवा काळा डाग दिसला तर काहीही न जोडता झाकण लावा.

थांबायचं कुठे

पिन घालताच चार्जरचा दिवा विझतो. चांगला चार्जर, हार्ड रीसेट, रॅम हे सगळं करूनही काहीच नाही. जॅक सैल आहे. बोर्डावर डाग आहे. यातलं काहीही असेल तर घरचं काम संपलं. इथून पुढे चिप-लेव्हलचं काम : बंद अवस्थेतही बोर्डावर असायला हवेत ते ३.३ आणि ५ व्होल्ट मोजणं, मोजून वीज सोडत थर्मल कॅमेऱ्याने तापणारा कपॅसिटर किंवा मॉसफेट शोधणं, बायोसची चिप पुन्हा लिहिणं. त्याला उपकरणं आणि सराव दोन्ही लागतात. हेअर ड्रायरने बोर्ड तापवण्याचे व्हिडिओ बघून तसं काही करू नका. लॅपटॉप तात्पुरता चालू झाला तरी नंतर होणारी खरी दुरुस्ती त्याने अवघड होते.

देण्याआधी डेटाचा विचार करा. एसएसडी वेगळी निघत असेल तर काढून यूएसबी केसमध्ये लावून दुसऱ्या संगणकावर वाचता येते. एनव्हीएमई आणि साटा या एसएसडीच्या दोन प्रकारांच्या केस वेगळ्या असतात, ते बघून घ्या. विंडोजमध्ये बिटलॉकर (डेटाला लावलेलं कुलूप) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागेल. ती बऱ्याचदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. बोर्ड बदलला तरी ती मागितली जाते, कारण कुलपाची चिप जुन्या बोर्डाबरोबर जाते. नव्या मॅकबुकमध्ये साठवण बोर्डावरच आणि त्याच बोर्डाला बांधलेली असते. तिथे डेटा हवा असेल तर ‘बोर्ड बदलू नका, हाच जिवंत करा’ असं सुरुवातीलाच स्पष्ट सांगा.

दुरुस्तीवाल्याला कागदावर लिहून द्या : कोणतं लक्षण, चार्जर लावल्यावर दिव्याचं काय झालं, कुठल्या पायऱ्या केल्या, कधी काही सांडलं किंवा लॅपटॉप पडला होता का, डेटा हवा आहे की नाही. सांडल्याचं लपवू नका, तपासणीची दिशाच त्याने बदलते. आणि बोर्ड बदलावा लागेल असं सांगितलं गेलं, तर कोणत्या तपासणीवरून ते ठरलं हे विचारा आणि जुना बोर्ड परत मागा.